तिसरा क्वार्टरबॅक

ज्या खेळाला अमेरिकेत फुटबॉल म्हणतात त्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो, आणि चेंडूही गोल नसतो. एवढे आपल्याकडच्या वाचकाला ठाऊक असते. पण त्या खेळाच्या पाठीवर बसलेला आणखी एक खेळ आहे. त्याला फँटसी फुटबॉल म्हणतात. त्यात धावावे लागत नाही की पडावे लागत नाही. थोडे गणित आणि समोरच्याच्या मनात काय चालले आहे याचा अंदाज, एवढ्यावर तो चालतो. आम्ही दोघे भाऊ २०१६ पासून तो खेळतो आहोत, दोघांत मिळून एकच संघ. मूळचे आम्ही चिपळूण तालुक्यातले, आता न्यू जर्सीत. आमच्या मंडळात एकूण बारा संघ आहेत. कुणी मिरजेचे, कुणी सोलापूरचे, दोघे मराठवाड्यातले, बाकी आम्ही कोकणी. सारे मुसलमान आणि बहुतेकांची घरची किंवा शाळेची भाषा मराठी. एक आमचा भाचा, तो इथेच जन्मला.

खेळ असा. प्रत्येकाने खऱ्या खेळाडूंमधून आपला काल्पनिक संघ निवडायचा. त्या खेळाडूंनी रविवारी मैदानावर जे केले त्याचे गुण आपल्याला. दहा यार्ड धावला, एक गुण. चेंडू झेलला, एक गुण. धावून किंवा झेलून टचडाऊन केले, सहा गुण. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हाती घेऊन तो कुणाकडे फेकायचा हे ठरवणारा. त्याला पंचवीस यार्ड फेकल्यावर एक गुण, फेकून टचडाऊन झाले तर चार, आणि चेंडू विरुद्ध संघाच्या हाती दिला तर दोन वजा. दर आठवड्याला एका संघाची दुसऱ्याशी झुंज लागते. ऑकलंडच्या बिल विंकेनबाख नावाच्या गृहस्थांनी १९६२ मध्ये मित्रांबरोबर या खेळाचे नियम लिहिले आणि १९६३ मध्ये त्यांच्या घरी पहिली निवड झाली. त्या निवडीत अगदी पहिला उचलला गेला तो जॉर्ज ब्लँडा. तो क्वार्टरबॅकही होता आणि लाथ मारून गोल करणाराही. जिम ब्राउनसारखा धावपटू समोर असताना ब्लँडाला उचलले गेले, आणि ब्राउनने तर त्याच मोसमात १,८६३ यार्ड धावून विक्रम केला. म्हणजे क्वार्टरबॅकला किती वर बसवायचे हा वाद या खेळाच्या पहिल्या मिनिटापासूनचा आहे. आम्ही तो नव्याने काढलेला नाही.

पहिली सहा वर्षे आम्ही साध्या नियमाने खेळलो. संघात एक क्वार्टरबॅक, दोन रनिंगबॅक, दोन रिसीव्हर, एक टाइट एंड, आणि एक जागा मोकळी. तिला फ्लेक्स म्हणतात. त्या मोकळ्या जागी धावणारा किंवा झेलणारा कुणीही चालतो, क्वार्टरबॅक चालत नाही. या नियमात एक उफराटी गोष्ट घडते. मैदानावर सर्वांत मोठा माणूस क्वार्टरबॅक, सर्वांत जास्त पगार त्याचा, जाहिरातीत चेहरा त्याचा, आणि फँटसीच्या निवडीत मात्र शहाणी माणसे त्याला आठव्या-नवव्या फेरीपर्यंत हात लावत नाहीत. कारण सरळ आहे. बारा संघांना बाराच क्वार्टरबॅक लागतात आणि व्यावसायिक संघ बत्तीस आहेत. पहिला आणि बारावा यांत फरक असतो, पण तुमच्याकडे बारावा असला म्हणून उपाशी मरत नाही. रनिंगबॅकचे तसे नाही. चांगले दहा-बारा संपले की पुढे उतार सुरू होतो. २०२१ मध्ये कूपर कप या रिसीव्हरने १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाऊन केले. आमच्या हिशेबाने ते ४३५ गुण होतात. त्या वर्षी ज्याच्याकडे कप होता त्याचा क्वार्टरबॅक कोण होता हे आज कुणाला आठवत नाही.

आमच्या गावाकडे जमिनीची वाटणी होते तेव्हा विहिरीवरून भांडण होते की नाही हे विहिरी किती आहेत त्यावर ठरते. प्रत्येक तुकड्यात पाणी असेल तर विहिरीचा कुणी विचारही करत नाही, मग तिचे पाणी कितीही गोड असो. दोन भावांत एकच विहीर असली की प्रकरण कोर्टात जाते.

२०२२ मध्ये आमच्या मंडळाने नियम बदलला. मोकळ्या जागेशिवाय आणखी एक जागा वाढवली आणि तिथे क्वार्टरबॅकही चालेल असे ठरवले. याला सुपरफ्लेक्स म्हणतात. प्रस्ताव भाच्याचा होता. तो म्हणाला, “मामू, जो मैदानावर बादशहा आहे तो आपल्या यादीत नवव्या फेरीत निघतो, हे काय बरोबर आहे?” आम्हालाही ते पटले. मत दिले आणि नियम आला.

आता या जागेचे गणित पाहा. तिथे क्वार्टरबॅक बसवलाच पाहिजे अशी सक्ती नाही. पण एखाद्या सामान्य रविवारी सामान्य क्वार्टरबॅक अडीचशे यार्ड फेकतो, दोन टचडाऊन करतो, एकदा चेंडू गमावतो. दहा अधिक आठ वजा दोन, सोळा गुण झाले. त्याच जागी तुमच्याकडे उरलेला चौथा रिसीव्हर बसवा. चार झेल आणि पन्नास यार्ड ही त्याची बरी कामगिरी. नऊ गुण. क्वार्टरबॅकचा दिवस अगदी वाईट गेला, दोनशे यार्ड, एक टचडाऊन, एकदा चेंडू गमावला, तरी दहा होतात. म्हणजे त्याचा वाईट दिवसही त्या रिसीव्हरच्या बऱ्या दिवसापेक्षा एका गुणाने वर. हे एकदा कागदावर मांडले की बाराही जण दोन क्वार्टरबॅक खेळवणार हे उघड आहे. बारा दुणे चोवीस. बत्तीसांतले चोवीस दर आठवड्याला मैदानात. शिवाय प्रत्येक संघाला मोसमात एक आठवडा सुट्टी असते. २०२३ मध्ये सातव्या आणि तेराव्या आठवड्यात सहा-सहा संघ एकदम सुट्टीवर होते. सव्वीस उरले. त्यांतला एखादा जायबंदी, एखाद्याला प्रशिक्षकाने बाकावर बसवलेले. म्हणून शहाणा माणूस तिसरा क्वार्टरबॅक घेऊन ठेवतो. बारा त्रिक छत्तीस. आणि आहेत बत्तीस.

सगळे डावपेच या चार आकड्यांच्या तुटीतून निघतात.

निवड सापासारखी वळत जाते. पहिल्या फेरीत एक ते बारा, दुसऱ्या फेरीत बारा ते एक. ज्याची चिठ्ठी पहिली निघाली त्याला पहिला खेळाडू मिळतो आणि मग थेट चोविसावा व पंचविसावा. मधल्या बावीस खेळाडूंत काय लुटालूट होईल त्यावर त्याचा काही इलाज नाही. ज्याची चिठ्ठी बारावी त्याला बारावा आणि तेरावा लागोपाठ मिळतात. बाराव्याने दोन्ही क्वार्टरबॅकच घ्यावेत असे आमचे मत आहे, कारण पुन्हा त्याची पाळी छत्तिसाव्याला येते आणि तोवर बरे म्हणावे असे सगळे गेलेले असतात. पहिल्या क्रमांकावर आमच्या दोघांत एकमत नाही. थोरला म्हणतो, तिथे डोळे मिटून क्वार्टरबॅक. धाकटा म्हणतो, डोळे मिटून काहीही नाही. २०२४ मध्ये एकच क्वार्टरबॅक चालणाऱ्या मंडळांत लोकांनी क्रिस्चन मॅकॅफ्रीला डोळे मिटून पहिला उचलला आणि तो दुखापतींमुळे चारच सामने खेळला.

क्वार्टरबॅकांत कोणता घ्यायचा? फेकणाऱ्यापेक्षा धावणारा. हे सुरुवातीला आमच्या मिरजेच्या डॉक्टरसाहेबांना पटत नसे. त्यांना सुबक फेकणारा माणूस आवडतो. पण हिशेब पाहा. पाच हजार यार्ड फेकले, जे मोसमात एखाद-दुसऱ्याला जमते, तर दोनशे गुण. लमार जॅक्सन २०१९ मध्ये नुसता १,२०६ यार्ड धावला आणि सात टचडाऊन धावून केले. तेवढ्याचेच १६२ झाले. त्याने फेकलेले ३,१२७ यार्ड आणि ३६ टचडाऊन वेगळे. २०२३ मध्ये जोश अॅलन आणि जेलन हर्ट्स यांनी प्रत्येकी पंधरा टचडाऊन धावून केले. फेकून केलेल्याचे चार आणि धावून केलेल्याचे सहा, हा फरक पंधरा वेळा पडला की तीस गुण होतात. शिवाय धावणाऱ्याचा फेकण्याचा दिवस वाईट गेला तरी पाय शिल्लक असतात.

दुसऱ्या क्वार्टरबॅकच्या बाबतीत मात्र आमची कसोटी वेगळी आहे. तिथे हुशारी पाहू नये, नोकरी पाहावी. ज्याची नोकरी पक्की आहे असा पस्तिशीचा, कंटाळवाणा, केस विरळ झालेला माणूस सहाव्या फेरीत मिळतो आणि सतरा आठवडे पंधरा-सोळा गुण आणून देतो. त्याच फेरीत लोक तेजस्वी पोरांवर उड्या मारतात. पोरगा तीन सामने हरला की प्रशिक्षक त्याला बसवतो आणि तुमच्या यादीत नाव उरते, माणूस उरत नाही. आमच्या भाच्याला हे म्हातारपणाचे लक्षण वाटते. असेलही.

निवडीच्या वेळी गर्दी कशी उसळते तेही पाहण्यासारखे असते. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी, इशाची नमाज झाली की बाराही जण आपापल्या घरून पडद्यावर बसतो. सगळे शांत असते. कुणी रिसीव्हर घेतो, कुणी रनिंगबॅक. मग कुणीतरी चौदावा-पंधरावा क्वार्टरबॅक उचलतो आणि पुढच्या सहा जणांत चार क्वार्टरबॅक जातात. रेशनच्या दुकानात रॉकेल संपत आल्याची कुजबूज झाली की रांग कशी पुढे सरकते, तसे. या गर्दीत शेवटून दुसरा असणे सर्वांत वाईट. चांगले संपलेले असतात आणि भाव मात्र चांगल्याचाच चालू असतो. गर्दी सुरू करणारा फायद्यात असतो, किंवा गर्दी चालू असताना शांतपणे उत्तम रिसीव्हर उचलून घेणारा. दुसरा मार्ग स्वीकारायला छाती लागते, आणि आपला पहिला क्वार्टरबॅक भक्कम असावा लागतो.

पैशांचे इथेच सांगून टाकतो, कारण हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. आम्ही पैसे लावत नाही. अमेरिकेत बहुतेक मंडळांत वर्गणी असते आणि जिंकणारा ती उचलतो. २००६ च्या अमेरिकी कायद्याने ऑनलाइन जुगारावर बंधने घातली तेव्हा फँटसी खेळांना वगळले होते, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तेही आमच्याच न्यू जर्सी राज्याच्या खटल्यात, खेळांवरच्या सट्टेबाजीचा रस्ता राज्यांना मोकळा केला. आता सामना पाहताना दर काही मिनिटांनी सट्ट्याची जाहिरात येते. भारतातही ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा करेपर्यंत क्रिकेटच्या फँटसीवर कोट्यवधी लोक पैसे लावत होते, आणि तिथे वाद कौशल्य की नशीब असा चालला होता. आमच्या मंडळात तो वाद पहिल्याच वर्षी दहा मिनिटांत मिटला. कुरआनात सूरह बकरा आणि सूरह मायदामध्ये मैसिर म्हणजे जुगाराबद्दल जे आले आहे ते बाराही जणांना माहीत होते. सर्वांनी पैसे घालायचे आणि एकाने उचलायचे, हे त्यात बसते की नाही याचा खल करण्यापेक्षा पैसेच नकोत असे ठरले. शेवटच्या क्रमांकावर येणाऱ्याने पुढच्या ईदला जवळच्या सभासदांना घावन आणि सांदण करून घालायचे, एवढेच. यातही एकाने शंका काढली. त्याला आम्ही जेवायला बोलावले नाही.

पैसे नाहीत म्हणून चुरस कमी आहे असे मात्र कुणी समजू नये. २०२३ च्या मोसमात जे झाले त्यात एक डॉलरही नव्हता.

त्या वर्षी क्वार्टरबॅकांवर संक्रांत आली होती. ११ सप्टेंबरला, सोमवारी रात्री, आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर असलेल्या मेटलाइफ स्टेडियममध्ये एरन रॉजर्स जेट्सकडून पहिल्यांदा उतरला आणि चौथ्या डावपेचातच त्याच्या टाचेची शीर तुटली. आमच्यातल्या ज्याने त्याला चौथ्या फेरीत घेतले होते त्याचा मोसम चार मिनिटांत अर्धा झाला. मग ऑक्टोबरमध्ये अँथनी रिचर्डसनचा खांदा गेला, २९ ऑक्टोबरला कर्क कझिन्सची टाच, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी डॅनियल जोन्सचा गुडघा. त्याच रविवारी जॉश डॉब्स नावाचा गडी, पाच दिवसांपूर्वी मिनेसोटात आलेला, सोबत्यांची नावेही धड माहीत नसताना मैदानात उतरला आणि सामना जिंकून आला. १६ नोव्हेंबरच्या रात्री जो बरोचे मनगट गेले.

आमच्या सोलापूरवाल्यांकडे बरो आणि कझिन्स होते. हे गृहस्थ आमच्यात वयाने मोठे. औषध कंपनीतून निवृत्त झालेले, बायको वारल्यापासून टेक्सासमध्ये एकटेच राहतात. मुले लांब. रविवारी दुपारी आमच्या गटात त्यांचा पहिला संदेश यायचा आणि सोमवारी रात्री शेवटचाही त्यांचाच. डिसेंबरात इकडे मगरिबची वेळ आणि दुपारच्या दुसऱ्या सामन्यांची वेळ जवळजवळ एकच येते, साडेचारच्या आसपास. ते न चुकता लिहायचे, “आधी नमाज, मग स्टॅफर्ड.” स्टॅफर्ड त्यांचा नव्हता तरी. ते लिहिले की आम्हीही उठायचो.

भाच्याकडे तेव्हा चार क्वार्टरबॅक होते. अॅलन, गॉफ, स्टॅफर्ड आणि मेफिल्ड. खेळवायचे दोनच. बरो पडला तेव्हा त्याच्या जागी जेक ब्राउनिंग आला. तो आमच्यात कुणाचाच नव्हता. मोकळ्या खेळाडूंसाठी आमच्याकडे पाळी असते, आणि भाच्याने आपली पहिली पाळी दोन महिने न वापरता राखून ठेवली होती. बुधवारी सकाळी उठून पाहतो तर ब्राउनिंगही त्याच्याकडे. पाच झाले. सोलापूरवाल्यांनी त्याला मेफिल्ड मागितला. त्याने बदल्यात सीडी लॅम मागितला. लॅम त्या वर्षी १,७४९ यार्ड करणार होता. चाचांनी विचारले की मेफिल्डचा आणि लॅमचा भाव एक कधीपासून झाला. उत्तर आले, “चाचा, ज्या दिवशी बरोचा हात गेला त्या दिवसापासून.”

उत्तर अचूक होते, हे म्हटले पाहिजे. सुपरफ्लेक्समध्ये क्वार्टरबॅकची किंमत त्याच्या गुणांवर ठरत नाही, तो नसला तर तुमच्याकडे काय उरते त्यावर ठरते. हे आम्हीच त्या पोराला शिकवले होते. आमच्या तीन क्वार्टरबॅकांपैकी डेरेक कार नेमका त्या आठवड्यात खांदा आणि डोके आपटून बाहेर बसला होता, त्यामुळे आमच्याकडे देण्यासारखे काही नव्हते. चाचांनी तीन आठवडे त्या जागी रिसीव्हर बसवला. नऊ, अकरा, सहा. तिन्ही झुंजी हरले आणि तिसऱ्यावरून नवव्या स्थानावर गेले. मग त्यांनी जो फ्लॅकोला घेतला. त्याला दुसऱ्या कुणी विचारलेही नव्हते. अडतीस वर्षांचा, त्या नोव्हेंबरपर्यंत घरी बसलेला माणूस. क्लीव्हलँडने त्याला बोलावले आणि त्याने लागोपाठ चार सामन्यांत तीनशेच्या वर यार्ड फेकले, एकदा ३७४, एकदा ३६८. तोवर आमच्या बाद फेऱ्या सुरू झाल्या होत्या आणि चाचा त्यांत नव्हते. गटात त्यांनी लिहिणे बंद केले होते. मगरिबचा संदेशही येईना.

वाद पेटवला तो डॉक्टरसाहेबांनी. त्यांनी गटात एकच शब्द लिहिला, इहतिकार. म्हणजे साठेबाजी, लोकांच्या गरजेची वस्तू भाव चढावा म्हणून अडवून ठेवणे. शरीयतमध्ये याला मनाई आहे हे सर्वमान्य. मतभेद आहे तो कशाला लागू याबद्दल. इमाम अबू हनीफा यांच्या मते माणसांच्या आणि जनावरांच्या खाण्याला. त्यांचेच शिष्य इमाम अबू यूसुफ मात्र म्हणतात की जी वस्तू अडवल्याने लोकांना त्रास होतो ती कोणतीही असो, साठेबाजीच. डॉक्टरसाहेब हनफी, त्यांनी अबू यूसुफ धरले. भाच्याने दोन दिवस पुस्तके चाळली आणि उत्तर दिले की आम्ही कोकणी शाफई आहोत आणि आमच्या मजहबात ही मनाई मुख्यतः अन्नधान्यापुरती आहे. बेकर मेफिल्ड हे अन्नधान्य नाही.

आम्ही खूप हसलो. पण हसून झाल्यावर कागद घेऊन बसलो. बत्तीस क्वार्टरबॅक, बारा माणसे. प्रत्येकाला दोन दिले की आठ उरतात. म्हणजे तिसरा फक्त आठ जणांना मिळू शकतो. चौघांना नाही. पाच ठेवणारा डोळ्यांवर येतो, त्याला साठेबाज म्हणणे सोपे आहे. पण तीन ठेवणारा, ज्याला आम्ही आजवर बेगमी म्हणत आलो, पावसाळ्याआधी तांदूळ भरून ठेवावा तशी बेगमी, तोही त्या चौघांतल्या कुणाच्या तरी वाटचे ठेवत असतो. धाकट्याने हे गटात लिहावे असे म्हटले. थोरला म्हणाला की लिहिले तर पुढच्या वर्षी तिसरा घेताना आपल्याच हाताला कंप सुटेल. शेवटी लिहिले. त्यावर कुणी काही बोलले नाही. डॉक्टरसाहेबांनी फक्त आपल्याकडच्या तिघांची नावे टाकली आणि पुढे एक प्रश्नचिन्ह.

मतदान मार्चमध्ये, रमजान सुरू व्हायच्या आधी झाले. एका संघात एका वेळी चारपेक्षा जास्त क्वार्टरबॅक नकोत, आणि ज्याचे दोन्ही जायबंदी आहेत त्याला त्या आठवड्यापुरती मोकळ्या खेळाडूंत पहिली पाळी. बहुमताने मंजूर. आम्ही बाजूने मत दिले, भाच्याने विरोधात. त्याचे म्हणणे की नियमाने माणसाला चांगले बनवायचे असेल तर खेळ कशाला, मदरसाच चालवा. चाचांनी मत दिले नाही. गटात ते होते, पण नावापुरते.

१० एप्रिल २०२४ ला ईद झाली. त्या दिवशी भाच्याने टेक्सासला फोन केला, हे आम्हाला आमच्या बहिणीकडून कळले. पाऊण तास बोलत होता म्हणे. काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी निवडीला बारा खिडक्या उघडल्या. बाराव्या खिडकीत चाचा, मागे भिंतीवर मक्केचे कॅलेंडर, हातात चहा. त्यांनी पहिल्या तीन फेऱ्यांत तीन क्वार्टरबॅक घेतले. चौथ्या फेरीतही घेतात की काय म्हणून भाच्याने श्वास रोखला होता, असे तो नंतर म्हणाला. चौथ्या फेरीत त्यांनी रिसीव्हर घेतला आणि म्हणाले, “घाबरू नकोस, मी हनफी असलो तरी.”

२०२५ च्या मोसमात बरो पुन्हा पडला, सप्टेंबरमध्येच, पायाच्या अंगठ्याने. ऑक्टोबरात सिनसिनाटीने त्याच्या जागी क्लीव्हलँडहून फ्लॅको आणला, आता चाळीस वर्षांचा. आमच्याकडे बरोचा मालक या वेळी भाचा होता आणि फ्लॅको कुणाकडे होता हे सांगायला नको. फ्लॅकोच्या बदल्यात चाचांनी काय मागितले हे गटात आले नाही. दुसऱ्या दिवशी यादीत फ्लॅको भाच्याकडे दिसला आणि भाच्याकडून चाचांकडे गेला तो एक लाथ मारणारा खेळाडू, ज्याला आमच्या मंडळात कुणी फुकटही घेत नाही.

पुढच्या मोसमाच्या चिठ्ठ्या निघाल्या आहेत. आमचा क्रमांक सातवा. म्हणजे सातवा, अठरावा, एकतिसावा. सातव्याला धावणारा क्वार्टरबॅक, हे ठरले. अठराव्याला रिसीव्हर, हेही जवळपास ठरले. एकतिसाव्याला दुसरा क्वार्टरबॅक घ्यायचा की गर्दी ओसरू द्यायची यावर आमचे अजून जमत नाही. आणि तिसरा सातव्या फेरीत घ्यायचा की नाही, हे थोरला बोलू देत नाही.